गिरजाबाईच्या नावावरचे पाचशे साठ

पेणच्या त्या पापड कारखान्यात गिरजाबाईचा हात म्हणजे म्हण होऊन बसला होता. कुणाचा पापड गोल, पातळ आणि सगळीकडून सारखा उतरला की बायका म्हणत, "आज गिरजाकाकी अंगात आली गो हिच्या!" खारेपाटातल्या आपल्या गावातून ती रोज तासभर चालत यायची. नवरा मिठागरात राबता राबता गेला, मूलबाळ नव्हतं. घरी वाट पाहणारं कुणी नाही. खिडकीजवळची पोळपाटाची जागा आणि भोवतीच्या आठ बायका, एवढाच तिचा गोतावळा. त्या आठहीजणींना लाटायला तिनेच शिकवलं होतं.

दत्तात्रेय तिथला हेडक्लार्क. रोह्याजवळच्या वरशाहून एसटीने यायचा. रोजच्या पापडांची नोंद तेवीस वर्षं त्याच्याकडे होती. त्यामुळे काकीचा उजवा हात थरथरायला लागल्याचं आधी त्याच्या वहीला कळलं. साडेचारशेचे चारशे झाले, मग तीनशे, मग अडीचशे. त्याने ते वहीतच ठेवलं. मालक पोपटशेठ वही कधी उघडतच नसत.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर शेठनी काँप्युटर आणला. प्रोग्राम बसवायला मुंबईहून सुजय नावाचा इंजिनिअर आला.

"कामाला स्टँडर्ड ठरवावं लागतं," तो म्हणाला. "आठ दिवस मोजा. सगळ्यात पुढे असेल त्या बाईची सरासरी, तेच स्टँडर्ड. त्याच्या पाऊणपटीखाली कुणी महिनाभर राहिलं की नाव लाल होतं."

"आणि लाल झालं की?" दत्तात्रेयाने विचारलं.

"की घरी," पोपटशेठ म्हणाले.

दाराआडून त्या आठजणींतल्या बायजाने ऐकलं. खारेपाटात भातलावणीला बायका एकमेकींच्या शेतात सावडीने राबतात. कुणी किती राबलं ते कुणी मोजत नाही. बायजाने काकीसाठी तशीच सावड लावली. जी ती आपल्या टोपलीतले पापड हळूच काकीच्या टोपलीत सरकवू लागली. एकीने किती सरकवले ते दुसरीला ठाऊक नव्हतं.

"काकी, डोळं मिट गो, पीठ उडतंय," बायजा म्हणायची.

"मी मिटीन गो, पण भाऊंचं उघडं हायत ना!" गिरजाबाई दत्तात्रेयाकडे बघून हसली.

भाऊंनी मान खाली घातली आणि टोपलीत दिसले तेवढे लिहिले. कॉमर्स शिकलेला माणूस, खोटी नोंद त्याने जन्मात केली नव्हती. टोपलीत पापड होते म्हणजे हीसुद्धा खोटी नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली. काकीचं काम वाचतंय, यापलीकडे त्याला काही दिसलं नाही.

नवव्या दिवशी सुजयने आकडे भरले. स्टँडर्ड आलं पाचशे साठ, गिरजाबाईच्या नावावर. त्याची पाऊणपट चारशे वीस. बायजा जीव तोडून लाटायची तेव्हा कुठे चारशे तीस व्हायचे. आता काकीला द्यायला कुणाकडेच पापड उरला नाही.

तरी बायजाने एकदा दहा पापड सरकवले. गिरजाबाईने परत ढकलले. "आधी तुजं चारशे वीस कर गो. माजा एकटा जीव."

दत्तात्रेय तिच्या पोळपाटापाशी येऊन बसला. "काकी, मी शेठना सांगतो. आकडा चुकलाय."

"काय सांगाल? पोरींनी पापड सरकवलं म्हणून? मंग त्या आठीजणी घरी. त्यांना लेकरं हायत."

"मग मी करू तरी काय?"

"जे हाय ते लिवा. इतकी वर्सं तेच केलंत ना, भाऊ?"

ती हे रागाने बोलली असती तर त्याला सोसलं असतं.

महिन्याच्या शेवटी काँप्युटरवर एकच नाव लाल झालं. गिरजाबाईने पोळपाट धुतला, लाटणं बायजाच्या मांडीवर ठेवलं. "आता मला अंगात नका आणू गो," ती म्हणाली, "दमाल." दत्तात्रेय फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेला. तिने वळून पाहिलं नाही. त्याची रोह्याची गाडी चुकली.

पुढच्या आठवड्यात दोन नव्या बाया कामाला आल्या. पोपटशेठनी त्यांना काँप्युटरपुढे उभं केलं आणि वरच्या स्टँडर्डच्या ओळीवर बोट ठेवलं.

"गिरजाबाई. पाचशे साठ. बाई असावी तर अशी. काय, दत्तूभाऊ?"

दत्तात्रेयाने टेबलावरची वही मिटली.

"व्हय," आतून बायजाच म्हणाली, आणि तिने पुढची लाटी घेतली.