कमी तेलाचा पास्ता

यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवून यांना घरी आणलं, त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझं राहिलं नाही.

पस्तीस वर्षं हे सकाळी नऊला घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जायचे, ते रात्री आठला परत यायचे. मधले अकरा तास घर माझं. आमच्या तीन मजली इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही वरच्या मजल्यावर; आता डॉक्टरांनी जिने बंद केलेले, दुकान मुलाने हातात घेतलेलं. हे स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसायला लागले. मला फ्रीजपर्यंत जायचं झालं तरी यांचे पाय ओलांडावे लागायचे.

एका रविवारी विश्रांतवाडीहून आमची मुलगी येऊन गेली. जाताना गव्हाच्या पास्त्याची पिशवी, ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली आणि कागदावर लिहिलेली कृती ठेवून गेली. "अम्मी, अब्बांना आता खिमा-बिमा नाही. आठवड्यातून दोनदा हे कर."

संध्याकाळी मी बिनहाडाच्या कोंबडीचे तुकडे मिरपूड नि लिंबू लावून ठेवले. लसूण चिरला, टोमॅटो उकडून सालं काढली. पिझ्झ्याबरोबर येणारी ओरेगॅनोची पाकिटं खणात साठली होती, त्यातली दोन फोडली.

"तेल किती घातलंस?" खुर्चीतून प्रश्न.

"दोन चमचे."

"चहाचे की जेवणाचे?"

मी पास्ता उकळत्या पाण्यात सोडला. यांनी पिशवी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसले.

"नऊ मिनिटं लिहिलंय. तुझी अकरा झाली."

"शिजला नाही अजून."

"म्हणजे छापणाऱ्याला कळत नाही, तुला कळतं."

"अहो, तुम्ही आत जाऊन बसा ना जरा!"

"कुठे आत? आत आहे काय, नुसती गॅलरी?"

मी गॅस बंद केला, ओढणी घेतली. "कोथिंबीर आणते," म्हणाले. या पास्त्यात कोथिंबीर लागत नाही, हे त्या कागदावर यांनीही वाचलं होतं.

चालत स्वारगेटला गेले. एसटी स्टँडवरच्या बाकावर एका साताऱ्याच्या बाईशेजारी बसले. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. त्यातल्या एकाही गावात माझं कुणी नव्हतं. पाच मिनिटांत मनात आलं, यांना आत्ता छातीत दुखलं तर? फोन तर ओट्यावरच राहिला होता. ज्यांच्यापासून पळून आले होते, त्यांचाच विचार करत मी भराभर पावलं उचलत घरी निघाले. तिन्ही जिने न थांबता चढले.

दार उघडलं तर हे कढईसमोर उभे. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना ओट्याशी पाहिलं. कोंबडी करपली नव्हती, पण चिवट झाली होती. पास्त्याचा पार गोळा. यांच्या कपाळावर घाम होता.

"बसा आधी," मी घाबरून म्हणाले.

"बसूनच असतो दिवसभर," हे म्हणाले. मग हळू आवाजात, "परवा मुलाला म्हटलं, एखादं घड्याळ घरी आणून दे. तर म्हणतो, अब्बा, तुमचे हात कापतात. आराम करा."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी ताटं घेतली. आम्ही जेवायला बसलो. मीठ अजिबात नव्हतं आणि दोघांनीही मागितलं नाही.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "कसा झाला?"

"पोट भरलं," हे म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

मी खिडकीशी जाऊन हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले गं, दुकानात कधी जाता येईल?"

"अम्मी, सहा महिने तरी नाव काढू नका. आणि नंतरही बघू."

मी बरं म्हटलं. कढईला पास्ता चिकटला होता. पाणी घालून ती भिजत टाकली आणि सकाळच्या चहाची भांडी घासायला घेतली. मागून आवाज आला, "अगं, नळ जरा बारीक कर."

मी बारीक केला.