गाणाऱ्यासाठी निवडलेला पिकअप

वंदनाताईंनी इलेक्ट्रिक मँडोलिन मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गाणं म्हणा आता."

"दुकानात?" प्रकाशभाऊ लाजले.

"मग? स्टेजवर मी एकटीच असते का?"

सदर भागातल्या या दुकानात वाद्यांना पिकअप बसवायचं काम मी करतो. संध्याकाळी प्रोग्रामचा साउंड सांभाळतो. नंदनवन भागातल्या या दोघांच्या भीमगीतांच्या ग्रुपचा साउंडही माझाच. साधं मँडोलिन माईकसमोर वाजवलं की स्पीकरचा आवाज त्याच्या पोकळ पोटात घुमतो, परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. ग्रुपच्या मॅनेजरनं ताईंना सांगून टाकलं होतं, "पुढच्या प्रोग्रामले मँडोलिन ऐकू नाही आलं, तं कडव्यांमधले तुमचे पीस कीबोर्डवर घेईन." म्हणून ही खरेदी.

इलेक्ट्रिकचं पोट भरीव. शिट्टीची भीती फार कमी. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत करंट उमटतो, तोच स्पीकरला जातो. मी दाखवलेल्या मँडोलिनला दोन पिकअप होते: एक घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, आणि दुसरा मानेकडे.

"हा घोडीजवळचा घ्या ताई. एकदम कडक."

नुसतं वाद्य ऐकलं तर तोच सरस वाटतो. म्हणून मी सगळ्यांना तोच आधी ऐकवतो. प्रकाशभाऊंनी गाणं उचललं. दोन ओळी झाल्या आणि ताई थांबल्या.

"काहून वं? मस्त तं वाजून राहिलं."

"मस्त वाजते, पण तुमचे शब्द खाऊन राहिलं. शब्दच नाही समजले तं लोक काय मँडोलिन घरी नेतील?"

त्यांनी स्विच फिरवून मानेकडचा पिकअप लावला. मला आवाज जरा बसका वाटला. पण प्रकाशभाऊ गाऊ लागले तेव्हा शब्द न् शब्द लागत होता. त्यांनी श्वास घेतला की त्या फटीत मँडोलिन उजळायचं. दुकानात गाणारा आणून पिकअप निवडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहिलं.

"हेच द्या. भाऊ, आवाजाचं बटण याच्यावरच आहे ना?"

"हो."

"म्हणजे माझ्या हाती."

आता मला गप्प बसवेना.

"ताई, शिट्टी नको म्हणून मी मिक्सरवर तुमचा आवाज पार बंद करून ठेवत होतो. माईक सरकवून, जागा बदलून भागलं असतं. मी कंटाळा केला. तुम्ही वाजवत होत्या, लोकांपर्यंत काहीच जात नव्हतं. मॅनेजर तुम्हाला बोलला तेव्हाही मी तोंड उघडलं नाही."



"मले माहीत होतं," ताई म्हणाल्या. "समोरच्या बाया माझ्या बोटाइकडे पाहत अन् एकमेकीले विचारत, हे काय वाजवते वं?"

"मग बोलल्या नाही?"

"तुम्ही कवा बोलता, ते पाहून राहिली होती. आता मॅनेजरलेही सांगा."

सांगितलं. त्यानं मला सगळ्यांसमोर झापलं.

प्रोग्रामला मी ताईंचा आवाज वर केला आणि हात खिशात घातले. पहिलं कडवं संपलं, त्यांचा पीस आला. कोरसमधल्या बाया वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. कीबोर्डवाल्यानंही मान डोलावली.

तर पिकअप घ्यायला जाताना गाणारा सोबत न्या. आणि बटण वाद्यावर असलं, तरी प्रोग्रामआधी साउंडवाल्याला एकदा विचारा. शेवटचा हात आमचाच असतो.