टायगरचा रिपोर्ट

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. मंदाले तर नाहीच – आणि सांगायचं होतं ते तिलेच.

मंदा माही बायको. मी नांदुऱ्यात शाळामास्तर होतो, आता रिटायर. टायगर आमचा लॅब्राडोर. पाचव्याच वर्षी म्हाताऱ्यावानी झाला. अंग सुटलं, शेपटीचे केस गळाले, भर उन्हात जाऊन पडायचा. "याले काहीतरी झालं हो," मंदा रोज म्हणे. शेवटी मी एकटाच त्याले गाडी करून अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो.

रक्ताचा रिपोर्ट चार दिवसांनी माह्या मोबाईलवर आला. थायरॉईड. डॉक्टर फोनवर म्हणाले, त्याचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलं आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी द्या, जन्मभर, बाकी कुत्रं मस्त राहील. एवढं सोपं होतं. मग काऊन दडवलं मी?

आता खरं सांगतो. मंदालेही हेच दुखणं आहे. पण तिचं कळायले दोन वर्षं गेली, आणि ती दोन वर्षं मी तिले आळशी म्हणत होतो – पाहुण्यांसमोर, पोरीसमोर. "दिवसभर लोळते नुसती!" तिले दवाखान्यात नेलं ते तिच्या भावानं. आणि कुत्र्याले मात्र मी अकोल्याले नेलं! दोघांचं दुखणं एकच निघालं म्हटल्यावर हे तिच्या ध्यानात आलं असतं. ती काही बोलली नसती. त्याचीच भीती वाटली मले.

म्हणून थाप मारली. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटलं. डॉक्टर म्हणतात, तुम्ही त्याले फार चारता.

आमच्या इकडं तव्यावरची शेवटची पोळी कुत्र्याची. मंदा तिले तूप लावून द्यायची. त्या दिवसापासून तिनं ती बंद केली. टायगर ओट्यापाशी येऊन बसे, ही पाठ फिरवून रडे. आणि मी? मी पेपर वाचत होतो. गोळी तर गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलात मिळत होती – आणता आली नसती?

दीड वर्ष त्यानं तसंच काढलं. अर्धपोटी राहूनही जाडी हटली नाही. मग एक दिवस उठेचना. गेला बिचारा.

परवा शेजारच्या सुनेनं पिल्लू आणलं. मंदा तिले सांगत होती, "जास्त लाड नको करू बाई. म्या माह्या हातानं चारू चारू मारला आमचा टायगर."

मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. सुनेनं माह्याकडे पाहिलं. मी मान हलवली – हो म्हणून.