परसात रोटाव्हेटर मारला तवा

भोकरकडं माझा जन्म हळद लावण्यात गेला. तरी घरामागच्या परसात एका कंदानं मला बेजार केलं.

तो आणला आमच्या कारभारणीनं. तिला साखरेचा आजार. लातूरच्या कृषी प्रदर्शनात कुणी सांगितलं, ह्याची भाजी साखरवाल्याला चालती. पिशवीवर 'जेरुसलेम आर्टिचोक' लिवलेलं. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला ते वाचायलाच अर्धा दिवस गेला. कंद आल्यासारखा वेडावाकडा, झाड सूर्यफुलासारखं, डोक्याच्या वर. तिनं ते परसात कुठंबी खुपसले, ना सरी ना ओळ. मी वरडलो, तर म्हणली, "उगवाया रांग लागती का? रेशनचं दुकान हाय व्हय?"

तिनं मला भाजी वाढली. पोटात असा वारा धरला की दिवसभर पारावर बसायची सोय न्हाई. दुसऱ्या दिवशी परत वाढली, तवा ताट सरकवून म्हणलं, "ही माणसाच्या खाण्याची चीज न्हाई." त्यावर तिनं मला कधी वाढली न्हाई. एकटीच खायची, चुलीपाशी, माझ्याकडं पाठ करून.

मागल्या मार्गशीर्षात ती गेली. परसात गाजरगवत माजलं, त्यात हे कंद. वर्षश्राद्धाची पंगत मला परसातच बसवायची होती, तिचा सगळा जीव तिथं. म्हणून उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्याला बोलावून रोटाव्हेटर मारला. जमीन भुसभुशीत झाली, मी खूश. हळकुंड मोडून लावलं तर एकाची दोन झाडं होतात, हे शेंबड्या पोराला कळतं. रोटाव्हेटरच्या पात्यांनी कंदाचे तुकडे करून परसभर पेरले, हे मला कळलं पावसाळ्यात. एकाचे दहा झाले, पार मागच्या दाराला टेकले. उपटलं की तुटतंय, तुटलं की उगवतंय. दसऱ्याला सगळं परस पिवळं. मी विळा घेऊन शिव्या देऊन राहिलो, तर शेजारची म्हातारी कुपाटीवरून म्हणती, "दादा, लई फुललंय. दोन फुलं देवाला नेऊ का?"

"मुळासकट ने, बाई."

श्राद्धाच्या चार दिवस आधी नांदेडची लेक आली. झाडं वाळली होती. मी कुदळीनं खणून कंद उकिरड्यावर टाकून राहिलो. लेक म्हणली, "आबा, मायच्या पानावर तिच्या आवडीचं वाढायचं का न्हाई?"

"तिच्या आवडीचं म्हंजे काय?"

"तुमाला ठावं न्हाई व्हय?"

उकिरड्यावरनं टोपली मीच माघारी आणली.

पंगत खणलेल्या मातीवर ताडपत्री टाकून बसली. तिच्या पानावर ती भाजी. मी बी खाल्ली, दोनदा मागून. पोटात वारा धरायचा तो धरलाच.

दुसऱ्या दिवशी उरलेले कंद दोरी धरून, सरी पाडून लावले. मातीत राहिलेले बारके तुकडे पावसात परत कुठंबी उगवणार, मला ठावं हाय. पर निदान एक तरी सरी सरळ दिसावी. लेक बघून हसली.

मी म्हणलं, "हसू नको. तुझ्या मायनं हे पहिल्याच साली केलं असतं, तर..."

नळी घेऊन पाणी द्यायला लागलो.