लाल कोबा

लाल कोबा दिसला की अजून मला बरं वाटतं.

मीरा रोडला आम्ही आलो ते माझ्या मोठ्या दिरांच्या भरवशावर. पेणकरपाड्यात त्यांची शेड होती. कोब्यात घालायचा लाल रंग तिथे व्हायचा. लोह असलेली पिवळी माती पाण्यात कालवायची, वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या टाकीत काढायचं. त्यात बसलेला मऊ गाळ धुऊन, वाळवून भट्टीत भाजला की लाल व्हायचा. भट्टी नवऱ्याकडे, धुणं माझ्याकडे.

खाडी जवळ, म्हणून शेडमधली विहीर खारी. शेवटचं धुणं टँकरच्या गोड पाण्याने करायचं. वर आलेलं पाणी मी जिभेला लावून बघायची; खारट लागलं की पुन्हा धुवायचं. दीर आल्यागेल्याला सांगत, आमच्या धाकटीला मातीचे डोहाळे लागलेत. मला मूल होत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी खाली मान घालून गाळ ढवळत राहायची.

धंद्याला बरकत आली आणि एका सकाळी शेडला नवं कुलूप दिसलं. जागा माझी आहे, तू नोकरी बघ, असं त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलं. नवरा घरी येऊन रडला. मला रडू आलं नाही. मला त्यांचं वाटोळं बघायचं होतं.

पुढे त्यांनी राई गावात घर बांधलं; खाडीलगत, तिथली विहीरही खारीच. शेडवर येणारा टँकर त्यांनी केव्हाच बंद केला होता. धुणं सगळं विहिरीवर. कोबा घालायच्या आधी जाऊबाई कौतुकाने रंगाची पुडी घेऊन आल्या. मी चिमूटभर जिभेवर ठेवला. नुसतं मीठ.

"छान आलाय," मी म्हटलं.

पाऊस सरला आणि त्यांच्या लाल जमिनीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ फुललं. झाडलं की जायचं, दोन दिवसांनी परत. गिऱ्हाइकांच्याही तक्रारी आल्या. मग दीर स्वतः माझ्या दारात आले. मी चहा केला, त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"काहीतरी उपाय सांग," ते म्हणाले. "तुला कळतं त्यातलं."

हे वाक्य मला किती वर्षं ऐकायचं होतं. तरी मन द्रवलं नाही.

"रोज ओल्या फडक्याने पुसून घ्या, भाऊजी."

"घरच्या विहिरीचं पाणी चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं. "भरपूर घ्या."