फूटपट्टीचा कान

सातवीच्या वर्गातून एक मुलगा पाणी प्यायला गेला आणि पंधरा मिनिटं झाली तरी परतला नाही, म्हणून मी शोधायला निघाले. शाळेच्या टाकीपाशी पाण्याची मोटर होती. तिच्या अंगावर लाकडी फूटपट्टीचं एक टोक टेकवून, दुसरं कानामागच्या हाडावर दाबून हा डोळे मिटून उभा. मी खांद्यावर हात ठेवला तरी दचकला नाही.

"बाई, हिच्या आत काहीतरी घासतंय. ऐका ना."

मी इतिहास शिकवायचे. मोटरीशी माझा संबंध पाणी गेलं की शिपायावर ओरडण्यापुरता. तरी फूटपट्टी घेतली. नुसती घूंऽऽ. त्याला वर्गात नेऊन उभं केलं. चार दिवसांनी मोटर बंद पडली आणि दुरुस्तीवाल्याने आतली झिजलेली बेअरिंग तळहातावर ठेवून मला दाखवली. मुलांनी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं. बाईंनी असं करू नये, पण पुढे मीही त्याला तेच म्हणू लागले.

आज तो त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझ्या घरामागे दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज आहे. साध्या गाड्या तो घेत नाही. शर्यतीच्या, टर्बो लावलेल्या गाड्यांची इंजिनं जुळवून देतो. निवृत्त झाल्यापासून मी दर गुरुवारी तिथे जाऊन बसते. भिंतीशी कुठल्याशा गाडीची काढलेली पुढची सीट ठेवलेली आहे, ती माझी.

एकदा मी विचारलं, "अरे, तू ऐकतोस तरी काय?"

"नॉकिंग, बाई." त्याने हात पुसले. "पेट्रोल आणि हवा सिलिंडरमध्ये दाबली जातात. ठिणगी एका ठिकाणी पडते आणि जाळ तिथून पसरत जातो, पिस्टनला एकसारखा खाली ढकलतो. हे झालं शहाणं इंजिन. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत आणखी हवा कोंबतो. ताकद वाढते, पण दाब आणि उष्णताही वाढते. मग जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपलं आपण भडकतं."

माझा चेहरा पाहून तो हसला. "उन्हाळ्यातला शेवटचा तास आठवा. साठ मुलं कोंबलेली. तुम्ही पहिल्या बाकापासून वह्या तपासत निघालात, की तुम्ही पोचायच्या आत शेवटच्या बाकावर मारामारी!"

"आणि त्यात पहिला तूच!"

"तेच नॉकिंग. पिस्टनला हातोडा बसल्यासारखं होतं. जास्त वेळ चाललं तर पिस्टन फुटतो."

हे सगळं मला पटकन कळलं. मोटरीबद्दल कुणी आधी असं सांगितलं असतं तर मी विज्ञान शिकवलं असतं.

ऐकण्याचं त्याचं साधन घरगुती. तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून इंजिनला बोल्टने आवळलेलं, दुसऱ्याला लांब रबरी नळी, आणि ती कान झाकणाऱ्या जाड टोपात शिरलेली. इंजिनवर नॉकिंग पकडणारा सेन्सर असतोच. त्याचा आलेख कॉम्प्युटरवर त्याची बायको बघते. पण नवे पिस्टन थोडे सैल बसतात, खडखडतात, आणि सेन्सर त्या खडखडीलाही नॉकिंग समजतो. म्हणून शेवटचा शब्द कानाचा. मागे दोनदा आलेख आणि कान भांडले, आणि दोन्ही वेळा कान जिंकला.

त्या गुरुवारी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी होती. रविवारी त्यांची घाट चढायची शर्यत. गाडी जागेवरच रोलरवर पळवत होते. तो आत बसलेला, कानावर टोप. इंजिन पाच हजार फेऱ्यांपाशी गेलं की बायको ओरडायची, "अहो, रेघ उडतेय!"

"पिस्टन आहेत ते. कान स्वच्छ सांगतोय."

"तिसऱ्यांदा उडाली."

"मग तूच कर गाड्या."

घाटात सलग पाय दाबून ठेवला आणि ते खरंच नॉकिंग असलं, तर डॉक्टरीणबाईंचं इंजिन वाटेतच जाणार होतं, एवढं मलाही समजत होतं. वाद थांबावा म्हणून म्हणा की नुसत्या उत्सुकतेपोटी, मी म्हटलं, "मला ऐकव ना रे एकदा."

त्याने खिडकीतून टोप दिला. मोठ्या पिंपात पाणी उकळावं तशी घरघर, बस.

"काय ऐकू आलं?"

"नुसती घरघर."

"बरोब्बर! मलाही तेच. ऐकलंस का गं? बाईंनासुद्धा काही नाही."

बायको खुर्चीतून उठली. "बाई, तुमचं वय किती?"

"बाहत्तर," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

माझ्या डोक्यावरून टोप काढून तिने स्वतःच्या कानावर घातला. "पुन्हा पळवा."

इंजिन चढत गेलं. पाच हजारांपाशी तिचा हात ताडकन वर गेला. "बंद करा! अहो, बंद!"

एकदम शांतता.

"पत्र्याच्या डब्यात मूठभर वाळू उडवल्यासारखं वाजतंय," ती म्हणाली.

त्याने इंजिन गार होऊ दिलं. मग एक स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके होते. "पिस्टनचं उडालेलं अ‍ॅल्युमिनियम आहे हे, बाई," म्हणत त्याने प्लग माझ्यापुढे केला. हात अगदी स्थिर होता. चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

"कधीपासून ऐकू येत नसेल मला?" त्याने विचारलं.

"मायक्रोवेव्हची शिटी तुम्हाला गेल्या वर्षापासून ऐकू येत नाही," बायको म्हणाली. "मला वाटायचं, उठायचा कंटाळा म्हणून ऐकून न ऐकल्यासारखं करताय."

तो हसला, पण उशिरा.

त्याच दुपारी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. टर्बोचा दाब उतरवलाय, ठिणगी जरा उशिरा पडेल, गाडी थोडी हळू चढेल, असं सांगितलं; आणि आपला कान चुकला, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. रविवारी डॉक्टरीणबाई घाट चढून वरपर्यंत गेल्या, चौथ्या आल्या. मग त्याने वर्षभरात जुळवलेल्या तीन गाड्या परत बोलावल्या. दोन गाड्यांचे प्लग स्वच्छ निघाले. तिसऱ्या गाडीच्या प्लगवर ठिपके होते. ते इंजिन त्याने खोलून पुन्हा बांधून दिलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उतारवयात जातात तसे दोन्ही कानांचे वरचे, बारीक सूर आत्ताच गेलेत. परत यायचे नाहीत. तीस वर्षं इंजिनांच्या शेजारी काढली की होतं असं.

मी अजून दर गुरुवारी जाते. आता टोप बायको घालते. तो गाडीत बसून इंजिन चढवतो, डोळे काचेतून तिच्या हातावर ठेवतो, आणि हात वर गेला की पाय उचलतो.