काळ्या डोहाची राखण

नाला राखाच्या कामात पाणी कमी आन् किस्से जास्त साचते. आमचं मंडळ तिगावच्या अलीकडचं. दिवाळीनंतर नाल्यात रेतीच्या बोऱ्यांचा बंधारा घालाचा आन् त्याच्यामागचा काळा डोह पावसापर्यंत जिता ठेवाचा, एवढंच काम. डोहात मरळ मासे हायेत. एका उन्हाळ्यात डोह आटला, मंग कितीक दिवस नाल्यात मासोळी दिसली नाही. तेव्हापासून माह्या जिवाले चैन नाही. भाकर तव्यावर असते आन् मी डोहावर.

*

बंधारा पहिल्यांदा घातला तेव्हा गुलाबभाऊ सगळ्यायच्या आधी बोऱ्या घेऊन हजर. गुलाबभाऊ म्हणजे डोहाले लागून ज्यायचा संत्र्याचा बगीचा हाय ते. हाताले काम, तोंडाले कुरकुर. बंधारा झकास झाला. सकाळी जाऊन पाहते तं म्हशी बंधारा खाऊन राहिल्या!

बोऱ्या सरकीच्या ढेपीच्या होत्या, कोणी धुतल्याच नव्हत्या.

"भाऊ, हे काय?"

"काऊन? म्हशीयनं खाल्ला म्हणजे माल चांगला होता ना."

*

आमचे अध्यक्ष मास्तर, रिटायर झालेले. त्यायनं मोठा बोर्ड रंगवला, रोडवर लावला : 'येथील डोहात मासे पकडण्यास सक्त मनाई आहे.' तोपर्यंत जवळच्या पांढुर्णा शहरात कोणाले माहीतच नव्हतं का इथं मासे हायेत. रविवारी लोकं गळ घेऊन आले. म्हणे, बोर्ड वाचला म्हणून आलो.

मास्तर तापले. रातोरात बोर्ड बदलला : 'येथे मासे नाहीत.'

पुढच्या रविवारी एकानं गाडी थांबवली, बोर्ड वाचला, मास्तरकडे आन् माह्याकडे पाह्यलं आन् इचारलं, "मंग तुम्ही राखण कायची करून राहिले?"

*

एक ड्रायव्हर ट्रॅक्टर थेट डोहात घालून धुऊन राहिला होता. पाण्यावर तेलाचा तवंग. माह्या डोक्यात सणक गेली. लोटा भरला आन् त्याच्यापुढं धरला.

"घे, पिऊन दाखव."

"बाई, याच्यात डिझेल हाय."

"मरळ बी तेच म्हणते."

तो ट्रॅक्टर परत नाही आला.

*

यंदा मातर हसू आटलं. वैशाखात डोह परातीएवढा राह्यला. त्यात मरळीचे लालबुंद पिल्लं, आन् नर-मादी दोघं त्यायच्याभोवती फिरून राहिले. मी दिवसातून कितीदा जाऊ आन् पाहून काय करू? पाऊस दूर होता. जवळ बोअर एकच, गुलाबभाऊचा.

मास्तरनं मीटिंग बोलावली. गुलाबभाऊ उभे झाले, गमछा झटकला.

"माह्या संत्र्याचा आंबिया बहार गळून राहिला. बोअर अर्धा तास चालते आन् हवा फेकते. मासे काय संत्रे देतेत काय? एक थेंब देणार नाही."

आन् निघून गेले. चूक बी नव्हतं त्यायचं; वर्षभराचं फळ होतं झाडावर. पण मले लय राग आला. रस्त्यात भेटले तं मी तोंड फिरवलं.

मंग एका सकाळी डोह पाह्यला आन् डोळे चोळले. पाणी वीतभर चढलं होतं. आभाळ कोरडं ठण्ण.

काठाकाठानं गेली. पळसाच्या वाळक्या पानाखालून काळा पाइप आला होता. त्याचं तोंड गोट्याले तारेनं पक्कं आवळलेलं, आन् पाणी पडून राहिलं होतं डोहात. पाइप धरून मांगं गेली तं बगीचा. झाडाखाली बोराएवढाल्या हिरव्या संत्र्यायचा सडा. त्याच्यावर गुलाबभाऊ उभे.

"भाऊ, हे काय?"

त्यायनं दुसरीकडंच पाह्यलं. "पाइप लीक होऊन राहिला."

"तारेनं बांधून?"

"हाव. नाही बांधला तं दुसरीकडं लीक होईन."